एलिमिमियनला तो पुरस्कार कुणी दान दिलेला नाही

परवा जेवताना मुलाने फोन पुढे केला. "आई, हे खरं आहे का गं?"

आम्ही ब्रिटिश कोलंबियात, सरीमध्ये राहतो. कॅनडियन फुटबॉलमधल्या (सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ) बी. सी. लायन्स या संघाचा सराव इथेच चालतो आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघात लाइनबॅकर आहे, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहून चेंडू नेणाऱ्याला अडवणारा. मेसेज आला होता मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. म्हणे लायन्सचा सॉलोमन एलिमिमियन परदेशी कोट्यातून घुसला, मैदान मोठं म्हणून त्याला टॅकल (चेंडू नेणाऱ्याला पकडून पाडणं) आयते मिळाले, २०१४ मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारे) वाईट खेळले म्हणून लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार त्याच्या पदरात पडला, आणि मग तो संपलाच. शेवटी सल्ला: ‘आपल्या मुलांसमोर असले आदर्श नकोत.’

कोट्याचं आधी, कारण संताप त्याचाच आला. कॅनडाच्या लीगमध्ये कोटा आहे, पण तो कॅनडियन खेळाडूंसाठी! त्या काळी सुरुवातीच्या २४ जणांत किमान ७ कॅनडियन असावेच लागत. उरलेल्या जागांसाठी अमेरिकेतून आलेल्यांची झुंबड. नायजेरियन वंशाचा, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला, हवाई विद्यापीठाकडून खेळलेला हा मुलगा अमेरिकेच्या एनएफएल लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणी निवडला नाही म्हणून इकडे आला आणि त्या झुंबडीतून संघात शिरला. २०१० मध्ये, पहिल्याच मोसमात, लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. नाव परकं दिसलं की ‘कोट्यातून आला’ म्हणायचं, हे आपण इथे स्वतःच्या मुलांबद्दल ऐकतो. तेच आपण दुसऱ्याला लावायचं?

आता मोठं मैदान. ११० यार्ड लांब, ६५ यार्ड रुंद, अमेरिकेपेक्षा मोठं हे खरंच. पण कबड्डीचं मैदान दुप्पट केलं तर पकड सोपी होईल की अवघड? त्यात इथे डाव सुरू व्हायच्या आधीच रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) पुढे धावत येऊ शकतात, आणि बचावाला चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. मुलाच्या सरावाला मी कुंपणापाशी उभी असते तेव्हा दिसतं: गुडघे वाकवलेले, डोळे समोरच्या गार्डच्या (चढाईच्या फळीतल्या खेळाडूच्या) पायांवर, आणि पहिलं पाऊल चुकीच्या बाजूला पडलं की धावणारा हातातून गेलाच. आयतं काही मिळत नाही.

एक मान्य करते. मोसम १८ सामन्यांचा, त्यामुळे त्याचे आकडे एनएफएलच्या आकड्यांशेजारी ठेवणं बरोबर नाही. पण इथल्या बाकीच्या लाइनबॅकरनाही तेवढेच सामने मिळत होते की! लीगच्या अधिकृत नोंदी सांगतात: २०१२ मध्ये एडमंटनच्या जे. सी. शेरिटने १३० टॅकलचा विक्रम केला, २०१४ मध्ये एलिमिमियनने १४३ केले. थोडाथोडका नव्हे, १३ चा फरक.

त्याच वर्षीचा तो पुरस्कार. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हा मान १९५३ पासून दिला जातो. क्वार्टरबॅक थंडावलेली वर्षं तेव्हाही आली असतील, पण निव्वळ बचावात खेळणाऱ्याला तो एकदाही मिळाला नव्हता. मतं देतात फुटबॉल पत्रकार आणि मुख्य प्रशिक्षक. ज्यांचे डाव त्याने मोडले, त्यांच्यातही मतदार होते.

‘संपला’ म्हणे! २०१५ मध्ये त्याच्या टाचेची अकिलिस शीर तुटली. लाइनबॅकरचं सगळं त्या पहिल्या पावलावर असतं, आणि ते टाचेतूनच सुटतं. तरी २०१६ मध्ये तो सर्वोत्कृष्ट बचावपटू झाला, दुसऱ्यांदा. आणि २०१७ मध्ये टॅकल १४४, म्हणजे स्वतःचाच विक्रम मोडला. हे मी मुलाला तिथेच ताटावर वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून बूट शोधायला गेला.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या काकांना एवढीच विनंती: जिथे जिथे तो पाठवलात, तिथे तिथे हेही पाठवा.