पाच टप्पे, तेरा दिवस, सहा महिने : दुःखाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर, कुणाच्या घरी कुणी वारलं की एक मजकूर हमखास येतो. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते क्रमानेच पार करावे लागतात. जो रडत नाही त्याला रडवा. तेरावं झालं की गेलेल्याच्या वस्तू लगेच घराबाहेर काढा. झोप येत नसेल तर झोपेची अर्धी गोळी द्या. मुलांना ‘बाबा गावाला गेलेत’ सांगा. आणि सहा महिन्यांत सावरला नाही तर तो मनोरुग्ण. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हे वाचून दुःखातला माणूस स्वतःला मोजायला लागतो आणि घरातले त्याला. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पाच टप्प्यांपासून सुरुवात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी ते १९६९ साली मांडले, तेही मरणासन्न रुग्णांशी बोलून. नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार हे स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्यांचं वर्णन होतं. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं. प्रत्यक्षात काय होतं ते १९९९ मध्ये मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट या संशोधकांनी जास्त नेमकं सांगितलं: माणूस दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतो. एका टोकाला गेलेल्याची ओढ, दुसऱ्या टोकाला पुढचं निभावणं. सकाळी बँकेत जाऊन तीन फॉर्म न चुकता भरणारी बाई दुपारी घरी येऊन सवयीने दोन कप चहाचं आधण ठेवते आणि साखरेचा दुसरा चमचा हातातच राहतो. सकाळी ती ‘स्वीकारा’त होती आणि दुपारी मागे घसरली, असं काही नाही. दोन्ही त्याच दिवसाचं आहे आणि दोन्ही लागतं. सतत रडणं जसं थकवतं, तसं सतत कामाला जुंपून घेणंही थकवतं. घरच्यांनी एवढंच पाहावं की दिवसात दोन्हीला थोडी जागा आहे: एखादं घराबाहेरचं काम, आणि गेलेल्या माणसाचं नाव मोकळेपणी घेता येईल अशी एखादी वेळ.

‘रडवा’ हा सल्ला तर सोडूनच द्या. कोणी धाय मोकलून रडतं, कोणी भांडी घासत बसतं. न रडणाऱ्याचं दुःख पुढे हमखास उफाळतं, याला संशोधनाचा आधार नाही. बळजबरीने रडवणं हा छळ आहे.

आता तेरा दिवस. परंपरेच्या नावाने हे सांगितलं जातं, याचं वाईट वाटतं, कारण आपली रीत एवढी घाईची नाहीच. तेराव्यानंतर मासिक श्राद्धं आहेत, वर्षश्राद्ध आहे, पुढे दरवर्षी पितृपक्ष आहे. पहिलं वर्षभर घरात सण नसतात. म्हणजे जुन्या लोकांनी शोकाला किमान एक वर्ष दिलेलं आहे. तेराव्याला संपते ती पाहुण्यांची वर्दळ. साताऱ्याची, चिपळूणची माणसं परततात, मुलाची रजा संपते, शेजारचे डबे थांबतात, आणि खरा एकटेपणा चौदाव्या दिवशी सुरू होतो. मदत करायची असेल तर ती तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. सांगायचं बळच नसतं. ‘मंगळवारी रात्रीचा डबा माझा’ म्हणा.

जाता जाता दहाव्याचं. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून ‘काहीतरी इच्छा राहिली’ हे वाक्य घरचे वर्षानुवर्षं उराशी बाळगतात. त्या वेळी गर्दी असते, कोलाहल असतो, कावळे बिचकतात. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय रीतीतच आहे. ती वापरा आणि कुणाला दोष लावू नका.

वस्तूंचा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करतो. वन बीएचकेत पलंग हॉलमध्येच असतो, रोज डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे आवरायची घाई समजण्यासारखी आहे. पण आवरायचं कुणाच्या सांगण्यावरून? सर्वांत जवळच्या माणसाच्या. थोरल्याच्या किंवा आत्याच्या नाही. कपडे एका पिशवीत भरून वर तारीख लिहून माळ्यावर टाका आणि तीन महिन्यांनी उघडा. एक सदरा किंवा साडी मात्र न धुता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. एकदा धुतलं की वास गेला, तो परत मिळत नाही, आणि हळहळ नेमकी त्याचीच राहते. गेलेल्याच्या मोबाइलचं सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा: गॅस, वीजबिल, विमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. पण त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका, बँकेला कळवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती मृत्यू झाला त्या हद्दीत होते. कळव्यात राहणारा माणूस वाशीच्या रुग्णालयात वारला, तर दाखला नवी मुंबई महानगरपालिकेचा. ठाण्यात खेटे घालून उपयोग नाही. नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळवून घ्या आणि प्रती आठ-दहा काढा.

लगेच घराबाहेर काढायची एकच गोष्ट आहे: गेलेल्याची उरलेली औषधं. झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्या, इन्सुलिन. दुःखाच्या घरात हा साठा धोक्याचा असतो.

त्यावरूनच अर्ध्या गोळीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दुसरा मानसिक आजार नसलेल्या शोकग्रस्त माणसाला बेंझोडायझेपिन गटातल्या, म्हणजे नेहमीच्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. काही आठवड्यांत सवय लागते, वयस्कर माणूस रात्री उठताना पडतो, दारू प्यायलेला असेल तर श्वास मंदावतो. उठायची वेळ ठरलेली ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासापलीकडे नेऊ नका, संध्याकाळनंतर चहा टाळा. दुःखातल्या माणसाच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र चुकू देऊ नका. दिवसकार्याच्या गडबडीत त्याच चुकतात, आणि जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. गोळ्यांची जबाबदारी घरातल्या एकाकडे द्या. छातीत दुखतंय म्हटलं तर ‘दुःखाने भरून आलंय’ म्हणत बसू नका, दवाखान्यात न्या.

मुलांशी खोटं बोलू नका. ‘गावाला गेले’ म्हटलं की मूल वाट बघतं, मग आपण त्रास दिला म्हणून ते आले नाहीत असं ठरवून टाकतं. ‘झोपले’ म्हटलं की स्वतः झोपायला घाबरतं. असं सांगा: ‘बाबांचं शरीर काम करायचं थांबलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे हे झालेलं नाही.’ मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारेल, दहाही वेळा तेच उत्तर द्या. रडून झाल्यावर पाच मिनिटांत खेळायला पळालं तर पळू द्या. वर्गशिक्षिकेला कळवा.

सहा महिन्यांचा आकडा अगदी हवेतला नाही. दीर्घकालीन शोकविकार असं निदान खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने धरले आहेत, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांत प्रौढांसाठी बारा. पण ही मुदत डोळ्यांतलं पाणी आटण्याची नाही. जवळजवळ रोज असह्य ओढ, ‘माझ्यातलंच काही मेलं’ ही भावना, माणसं आणि कामं पूर्ण तुटणं, आणि हे आपल्या रीतीत जेवढं चालतं त्याच्याही खूप पलीकडे, तेव्हाच ते निदान होतं. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातल्या एकाला असं होतं. त्यावर खास बेतलेली समुपदेशन-पद्धत आहे, साधारण सोळा सत्रांची, आणि ती लागू पडते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. ‘ठाण्याला पाठवा’ या जुन्या टोमण्यामुळे लोक तिथे जायला कचरतात, हे फार मोठं नुकसान आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ हे वाक्य ऐकू आलं, तर मात्र कुठलाही महिना मोजू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर त्या रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका, आणि त्यांच्या शेजारी बसूनच १४४१६ लावा.