‘रॅपवाल्यांना जमिनीचं काय पडलंय?’

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. अमेरिकेतलं रॅप म्हणजे पार्टी, शिव्या आणि सोन्याच्या साखळ्या. जमीन, हक्क वगैरे अभ्यासकांनी मागाहून चिकटवलेलं. आणि पैसा हातात आला की हे गायक वस्ती सोडून पळतात. असे एकूण तीन आरोप.

पार्टीचं खरं आहे. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सिंडी कॅम्पबेलनं शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ कूल हर्क यानं रेकॉर्डी वाजवल्या. रॅपची सुरुवात इथूनच मानतात. जाहीरनामा वगैरे कुणी वाचला नाही. पण या ब्राँक्सच्या मधून महामार्ग काढताना हजारो माणसं उठवली गेली होती, आणि विम्याच्या पैशासाठी काही घरमालक स्वतःच्याच इमारती जाळून घेत होते. १९८२मध्ये तिथल्याच पोरांचं ‘द मेसेज’ हे रॅप गाणं आलं, ते थेट या पडझडीवर. तेव्हा रॅपवर लिहिणारे अभ्यासक होते कुठे?

शिव्यांबद्दल मी वकिली करणार नाही. बायकांबद्दल बरंच रॅप घाणेरडं बोलतं.

आता जमीन. शहरातल्या पोरांचा शेतीशी काय संबंध, असं त्या मजकुरात विचारलंय. ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हे शब्द रॅपमध्ये पुन्हा पुन्हा येतात. रॅपर केंड्रिक लामारच्या २०१५च्या ‘ऑलराइट’ या गाण्यातही आहेत. जानेवारी १८६५मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मननं हुकूम काढला, की दक्षिणेच्या किनारपट्टीची जप्त जमीन गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटायची. (खेचर हुकमात नव्हतं, ते लोकांच्या तोंडी आलं.) सुमारे ४० हजार माणसं तिथं वसलीसुद्धा. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देऊन टाकली. तरीही १९२०पर्यंत काळे शेतकरी सव्वानऊ लाखांच्या घरात होते, देशातल्या शेतकऱ्यांत साधारण सातातला एक. आज ते दोन टक्केही नाहीत. कर्ज नाकारलं गेलं, वारसाहक्काची कागदपत्रं नव्हती म्हणून जमिनी लिलावात गेल्या. शहरात आले, तर १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगात रंगवल्या गेल्या, म्हणजे घरकर्ज विसरा. सातबाऱ्यावर नाव नसणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेतलेल्या दलित पँथरनं १९७३च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ शब्दात भूमिहीनही धरले होते.

राहिला पळून जाण्याचा आरोप. निप्सी हसल हा रॅपर दक्षिण लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ भागातला. २०१३मध्ये त्यानं आपल्या मिक्सटेपच्या (म्हणजे गाण्यांच्या संग्रहाच्या) हजार प्रती शंभर-शंभर डॉलरला विकल्या. लोक हसले, प्रती संपल्या. २०१७मध्ये त्यानं क्रेनशॉ आणि स्लॉसन रस्त्यांच्या नाक्यावर कपड्यांचं दुकान काढलं. मग भागीदारासोबत ते दुकान असलेलं अख्खं संकुलच विकत घेतलं. जागा आपल्या नावावर हवी, हे तो मुलाखतींतून सांगत राही. एका माणसानं संकुल घेतल्यानं १८६५ची भरपाई होत नाही, आणि धंद्यालाच मुक्ती समजणं मला पटत नाही. पण पळाला म्हणता? ३१ मार्च २०१९ला त्याला गोळ्या घातल्या गेल्या, त्या त्याच दुकानासमोर, त्याच वस्तीत.