दिवे आढळले नाहीत

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने माझ्या गाडीच्या तपासणी अहवालात 'पुढील दिवे' या रकान्यासमोर 'आढळले नाहीत' असे लिहिले आहे. अहवाल हाती आला, आणि तो वाचल्यापासून मी घरातल्या प्रत्येक माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवला आहे. कोणालाही पुरेसा राग आलेला नाही, म्हणून येथे लिहितो.

गाडी १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची आणि १.६ लिटर इंजिनाची. १९८९ मध्ये आलेल्या या पहिल्या पिढीच्या गाड्यांचे पुढचे दिवे एरवी बॉनेटमध्ये मिटलेले असतात आणि बटण दाबल्यावर वर येतात. पुढच्या पिढीत कंपनीने हा प्रकार बंद करून साधे, स्थिर दिवे दिले. गाडीत मी काही बदल केलेले आहेत. जुन्या विम्याची मुदत संपत आली होती आणि नव्या कंपनीने तपासणीची अट घातली होती. पार्श्वभूमी एवढीच.

सर्व्हेअर अत्यंत सभ्य गृहस्थ होते. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी बूट झटकले, जे माझे मित्रही करत नाहीत. त्यांच्या हातात मोबाइल होता, मोबाइलमध्ये कंपनीचे अ‍ॅप होते, आणि ते अ‍ॅप सांगेल त्या क्रमाने ते गाडीभोवती फिरत होते. समोरून फोटो काढल्यावर ते थबकले.

"सर, दिवे कुठे आहेत?"

"आत आहेत."

"आत म्हणजे डिकीत?"

मी काही न बोलता डॅशबोर्डवरचे बटण दाबले. उजवा दिवा लगेच उठला. डावा, त्याच्या सवयीप्रमाणे, अर्ध्या क्षणाने आळस देत वर आला. सर्व्हेअर दोन पावले मागे सरकले. मग वाकून त्यांनी एका दिव्यामागच्या फटीत बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे तुम्ही बसवून घेतलंत?"

"नाही, कंपनीचंच आहे."

"तसं पत्र आहे का?"

"कसलं पत्र?"

"मूळ गाडीत दिवे असेच हलत होते, असं कंपनीचं पत्र. नाहीतर मला ते बदलांमध्ये धरावं लागेल."

तीन दशकांहून जुन्या गाडीचे दिवे जन्मतःच हलते होते, असा दाखला जगात कोण देणार, हे मी त्यांना विचारले. त्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली, परंतु बोट मोबाइलवरून हलवले नाही. अ‍ॅपमध्ये तीनच पर्याय होते: आहेत, तुटलेले, आढळले नाहीत. कधी असतात आणि कधी नसतात अशा दिव्यांची सोय अ‍ॅप बनवणाऱ्याने केलेली नव्हती.

"पण आता तर दिसतायत ना?" मी म्हणालो.

"आता दिसतायत सर, पण फोटो आधी काढलाय."

"मग पुन्हा काढा."

"अ‍ॅप मागे जाऊ देत नाही."

या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. समोर दोन दिवे डोळे वटारून उभे होते, त्या दिव्यांच्या उजेडात सर्व्हेअर 'आढळले नाहीत' यावर बोट ठेवत होते, आणि मी मात्र गाडीचा मालक असूनही या कार्यक्रमात प्रेक्षकाच्या भूमिकेत होतो.

दिव्यांनंतर ब्रेक आले. मूळ १.६ लिटरच्या गाडीला पुढच्या चाकांत २३५ मिलिमीटरच्या डिस्क होत्या, पुढे १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा कंपनीनेच त्या वाढवून २५५ मिलिमीटरच्या केल्या. जुन्या गाडीला हे नंतरचे ब्रेक बसवणे हा या गाड्यांच्या लोकांमधला सर्वांत कंटाळवाणा, सर्वांत समंजस बदल आहे. हे मी सविस्तर सांगितले. सर्व्हेअरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आधीचे लागत नव्हते का?"

"लागत होते. हे अधिक चांगले लागतात."

"म्हणजे आपण वेगात चालवता."

सीटमागच्या लोखंडी रोल बारवरही असाच संवाद झाला. गाडी उलटली तर डोके शाबूत राहावे म्हणून तो बसवलेला आहे, असे सांगताच त्यांनी काळजीच्या सुरात विचारले, "उलटण्याची शक्यता वाटते का सर?" खरे उत्तर असे होते की विमा घेणाऱ्या प्रत्येक माणसाला कशाची ना कशाची शक्यता वाटतच असते, आणि त्या वाटण्यावरच त्यांच्या कंपनीचे दुकान चालते, परंतु तोवर अ‍ॅप पुढच्या प्रश्नावर गेले होते, आणि ते मागे जाऊ देत नाही हे मला कळून चुकले होते.

सर्व्हेअरांवर माझा राग नाही. राग आहे तो अहवालासोबत आलेल्या कोटेशनवर. हप्ता ठरवताना कंपनीने प्रत्येक बदल मोजला आहे: मोठे ब्रेक, रोल बार, उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन, स्टीलचा सायलेन्सर, दोन्ही सीट. या प्रत्येकापायी हप्ता वाढलेला आहे. आणि गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही इतकी मोडली, तर कंपनी काय देणार? 'त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या, मूळ स्थितीतील गाडीचा नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव.' म्हणजे हप्ता भरताना माझ्या गाडीला रोल बार आहे, आणि भरपाई घेताना नाही. तीच गाडी, तीच कंपनी, तोच कागद. शिवाय त्या बाजारभावावर कोणी भरवसा ठेवावा? नेहमीच्या कोष्टकांत जुनी गाडी म्हणजे फक्त झिजत गेलेली गाडी. घसाऱ्याची रेघ एकदा खाली जाऊ लागली की ती जातच राहते. प्रत्यक्षात चांगल्या अवस्थेतल्या जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत एका टप्प्यानंतर थांबते आणि पुष्कळदा चढू लागते, हे त्या कोष्टकाला कोणी सांगितलेलेच नसते.

मग बदल सांगितलेच नाहीत तर? हा सल्ला मला एकाहून अधिक शहाण्या माणसांनी दिला आहे. तो ऐकू नये. अपघातानंतर गाडी तपासायला येणारा माणूस तपासणीच्या सर्व्हेअरइतका दिव्यांपाशी रमत नाही. त्याला न सांगितलेली स्प्रिंग चिखलातही दिसते, आणि मग क्लेम तर नाकारला जाऊ शकतोच, पॉलिसीच रद्द होण्याची पाळी येते. विमा घेणाऱ्याने सर्व महत्त्वाच्या गोष्टी आपण होऊन सांगाव्यात, हे तत्त्व लंडनच्या न्यायालयात १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी एका खटल्यात मांडले. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरो या किल्ल्याचे गव्हर्नर कार्टर यांनी किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला, आणि किल्ला दुबळा होता हे आम्हांला सांगितलेच नाही, असे म्हणून विमेकऱ्याने पैसे नाकारले. गंमत अशी की निकाल कार्टर यांच्याच बाजूने लागला. जे विमेकऱ्याला स्वतःला कळू शकत होते किंवा कळायला हवे होते, त्याबद्दल त्याने नंतर तक्रार करू नये, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. थोडक्यात, किल्ल्याचा दुबळेपणा न सांगणाऱ्या गव्हर्नरला पैसे मिळाले आणि त्याच्या खटल्यातून निघालेल्या नियमाखाली मी मात्र सायलेन्सरचे बिल जोडतो आहे. निकालाचा दुसरा भाग, म्हणजे विमा कंपनीनेही थोडे डोळे उघडे ठेवावेत हा, माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर कोठे गळून पडला कोणास ठाऊक.

अखेरीस मी ते कोटेशन नाकारले आणि जुन्या, हौशी गाड्यांचाच विमा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेलो. तेथे मान्य किंमत हा पर्याय मिळतो: गाडीची किंमत आधीच, बदलांसह, दोघांनी लेखी ठरवायची, आणि टोटल लॉस झाल्यास वाद न घालता तीच द्यायची. त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला, बिले आणि सर्व बाजूंनी काढलेले फोटो द्यावे लागले (समोरचे मी दोन पाठवले, एक दिवे मिटलेला आणि एक उघडलेला, दोन्हींखाली स्वच्छ अक्षरांत खुलासा लिहून). सुटे भाग त्याच प्रतीचे मिळतील हे वेगळे लिहून घ्यावे लागते, आणि टोटल लॉसनंतर भंगारात निघालेली गाडी पहिल्यांदा आपल्यालाच विकत घेता येईल हेही. जुन्या गाडीच्या बाबतीत त्या भंगारातूनच पुढे उभी करायची गाडी निम्मी तयार असते. त्या बदल्यात वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालवायचे, रात्री गाडी कुलूपबंद जागेत ठेवायची, रोजच्या वापराला दुसरी गाडी असल्याचे दाखवायचे आणि शर्यतीच्या ट्रॅकवर नेली तर विमा नाही, अशा अटी आहेत. रोल बारबद्दल त्यांनी एवढेच विचारले की तो वेल्ड केलेला आहे की बोल्टने कसलेला. इतका शहाणा प्रश्न ऐकून मी क्षणभर गहिवरलो आणि पुढची कलमे भराभर वाचली.

त्यांपैकी एक कलम हार्डटॉपविषयी आहे. या गाडीला कापडी टपावर बसवता येणारे टणक छत मिळते. ते माझ्याकडे आहे, आणि आता सहज मिळत नसल्याने बऱ्याच किमतीचे आहे. पॉलिसीप्रमाणे ते गाडीवर बसवलेले असताना त्याला विमा आहे. काढून घरात भिंतीशी टेकवून ठेवले की नाही, कारण मग तो गाडीचा भाग राहत नाही. सुट्या भागांचे वेगळे संरक्षण मिळते, पण त्याचा हप्ता ऐकून मी विचार बदलला. त्यामुळे सध्या आकाश निरभ्र असताना, हवा उत्तम असताना, उघड्या टपाची म्हणून हौसेने घेतलेली ही गाडी मी छत घट्ट कसून चालवतो आहे.