‘कासवाला जोडीदार हवाच’? बहुतेक वेळा नकोच

जमिनीवरची कासवं पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: “एकटं कासव उदास होतं, त्याला जोडीदार आणा. बाहेरची जागा मोठी असेल तर कुठल्याही जातीची कासवं गुण्यागोविंदानं नांदतात. लहानपणापासून एकत्र वाढवली तर भांडणाचा प्रश्नच नाही.”

उदासीचं आधी पाहू. जमिनीवरची कासवं कळपानं राहत नाहीत. बहुतेक जातींत मादी अंडी पुरून निघून जाते आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून आपलं आपण पाहतात. कोपऱ्यात निपचित पडलेल्या कासवाला बहुधा ऊब कमी पडत असते, नाहीतर ते आजारी असतं. त्यावर दुसरं कासव हा उपाय कसा?

“पण ती एकमेकांवर चढून बसतात, मागे मागे फिरतात!” नेमकं हेच प्रेम समजलं जातं. खरं तर ती बऱ्याचदा दादागिरी असते. वाट अडवणं, खाण्यावर ठाण मांडून बसणं, उन्हाची जागा बळकावणं. दुबळं कासव ओरडत नाही, पळून जायला त्याला जागा नसते; ते लपून राहतं आणि खाणं सोडतं. जखम दिसण्याआधी वजन घटतं. दोनच कासवं असतील तर सगळा जाच एकावरच येतो. नर धडका देतात, पाय चावतात, मादीचा इतका पिच्छा पुरवतात की तिच्या मागच्या पायांना आणि शेपटीला जखमा होतात. धडकेनं उलटं पडलेलं कासव भर उन्हात तसंच राहिलं तर उष्णतेनं मरू शकतं.

जागा मोठी असावीच. पण खाण्याची जागा एक, निवारा एक, तर मोठ्या आवारातही भांडण त्याच कोपऱ्यात होणार. नजर अडवणारी झुडपं आणि दगड हवेतच. दोघांना वेगळं ठेवणारी जाळी आरपार दिसणारी असेल तर कासवं दिवसभर तिच्याच कडेनं येरझाऱ्या घालतात.

लहानपणाचं म्हणाल, तर पिल्लू नर की मादी हे बाहेरून ओळखणंच कठीण. वयात आल्यावर दोन्ही नर निघाले की कालचे सोबती आज धडका देतात.

‘कुठलीही जात चालते’ हा मात्र सगळ्यात घातक भाग. सल्काटा हे कासव आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेलच्या कोरड्या पट्ट्यातलं, गवतावर जगणारं, 40 किलोंच्याही पुढे जाणारं. लाल पायांचं कासव दक्षिण अमेरिकेतलं, दमट हवेचं, फळं खाणारं. एकाला मानवेल ते दुसऱ्याला बाधेल. शिवाय रोग. ग्रीक जातीचं कासव हर्पीस विषाणू बाळगूनही ठणठणीत दिसू शकतं. त्याच विषाणूनं हर्मन आणि रशियन जातींची कासवं दगावतात.

एकाच जातीच्या माद्यांचा गट, फार तर सोबत एक नर, प्रशस्त जागेत जमू शकतो, हे मान्य. मात्र नव्या कासवाला किमान सहा महिने पूर्ण वेगळं ठेवा, खाणं चार ठिकाणी मांडा, प्रत्येकाचं वजन नियमित लिहून ठेवा. एकाचं वजन घसरायला लागलं की त्याच दिवशी वेगळं करायचं, म्हणजे दुसरं कुंपण आधीच तयार हवं. ते नसेल तर दुसरं कासव आणू नका.