संकर करताना मार्ग तुटतो, त्याचं काय?

तुमचा लेख आवडला. प्रकाशतंतूंच्या जाळ्यात मार्ग आणि तरंगलांबी वाटून देण्यासाठी जनुकीय अल्गोरिदम (उत्क्रांतीसारखी, पिढ्यान्‌पिढ्या चांगली उत्तरं निवडत जाणारी शोधपद्धत) का वापरतात, हे मराठीत इतकं नीट मांडलेलं क्वचितच वाचायला मिळतं. फक्त संकराची, म्हणजे दोन उत्तरं कापून त्यांचे तुकडे जोडून नवं उत्तर बनवण्याची पायरी तुम्ही एका ओळीत उरकलीत. खरी मेख तिथेच आहे.

अभ्यासासाठी सगळे घेतात ते अमेरिकेचं एनएसएफनेट हे जुनं संगणक-जाळं बघा. 14 केंद्रं, 21 दुवे, म्हणजे केंद्रांच्या 91 जोड्या. प्रत्येक जोडीला फक्त 3 पर्यायी मार्ग धरले तरी 3 चा 91 वा घात होतो, 44 आकडी संख्या! एकेक तपासत बसणं अशक्यच.

आता गुणसूत्रात, म्हणजे एका उत्तराच्या नोंदीत, थेट मार्गावरच्या केंद्रांची यादी ठेवली आणि कुठेही कापून जोडली, तर सिअ‍ॅटलहून निघालेला मार्ग जिथे तंतूच नाही तिथे उडी मारतो. म्हणून दोन्ही मार्गांत सामाईक असलेल्या केंद्रावरच, समजा सॅन डिएगोवर, काप घ्यायचा आणि नंतर एकच केंद्र दोनदा येऊन वळसा पडलाय का ते पाहून तो काढून टाकायचा. मी स्वतः आधी हे केलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या निम्मी प्रजा, म्हणजे त्या पिढीतली निम्मी उत्तरं, बाद व्हायची. त्याऐवजी प्रत्येक जोडीसाठी मार्गाचा फक्त क्रमांक ठेवला, तर कुठेही कापा, मार्ग शाबूत राहतो.

वाटेत तरंगलांबी बदलणारा परिवर्तक नसेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तरंगलांबी एकच हवी, ही अट तुम्ही ठळक केलीत ते फार बरं झालं. पुढच्या भागात संकरावर सविस्तर लिहाच.