इन्सुलिन ‘कुठेही टोचलं तरी चालतं’ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

इन्सुलिन कसं टोचावं यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा: इन्सुलिन शेवटी रक्तातच जातं, मग जागा, सुई, सिरिंज यांचा एवढा बाऊ कशाला? आपले वडील गेली कित्येक वर्षं बेंबीशेजारी एकाच जागी घेतात, दुखतही नाही. जाड माणसाला ४ मिमीची सुई पुरणार नाही. आणि आता आठवड्याचं इंजेक्शन येतंच आहे.

रक्तात जातं हे खरंच, पण कधी आणि किती वेगाने, हे जागेवर ठरतं. साध्या इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात. त्वचेखालच्या चरबीत ते सुटे झाले की मगच केशवाहिन्यांत शिरतात. जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात ते यासाठीच. पोटावरून ते लवकर शोषलं जातं, मांडीवरून सावकाश. सुई स्नायूत गेली, त्यात लगेच चालायला निघालात, तर साखर अवेळी खाली येते.

४ मिमीचं म्हणाल तर, टोचण्याच्या जागी त्वचा साधारण २ ते अडीच मिमी जाड असते, आणि माणूस लठ्ठ असो की किडकिडीत, त्यात फारसा फरक पडत नाही. वाढते ती खालची चरबी, आणि औषध तिथेच तर सोडायचं आहे. इन्सुलिनच्या पेनची ४ मिमी सुई सरळ टोचावी. सिरिंजची सुई लांब असते, तिथे त्वचा चिमटीत उचलून टोचावी. पेनचं बटण पूर्ण दाबून दहा आकडे मोजल्याशिवाय सुई काढू नये, नाहीतर टोकावर थेंब दिसतो. तो थेंब म्हणजे आत न गेलेला डोस.

आता ‘दुखत नाही’. नेमकी हीच गोष्ट मला काळजीची वाटते. एकाच जागी वारंवार टोचल्याने, सुई पुन्हा पुन्हा वापरल्याने तिथे चरबीची गाठ धरते; इन्सुलिन स्वतःच चरबी वाढवतं. तिथे टोचलेलं कमी जाणवतं म्हणून माणूस तीच जागा निवडतो. पण गाठीतून शोषण बेभरवशाचं: आज साखर ३००, उद्या ७०, डोस तोच. वडिलांच्या पोटावर साबणाचा हात फिरवून पाहा. गाठ डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. सापडली तर जागा बदलावी, पण डॉक्टरांशी बोलूनच. निरोगी जागी तोच डोस पूर्ण लागू पडतो आणि साखर धाडकन उतरू शकते, म्हणून डोस बहुधा कमी करावा लागतो आणि काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी लागते. पुढे प्रत्येक टोचणी आधीच्यापासून बोटाच्या रुंदीइतकी लांब.

लेखातला सिरिंजवरचा परिच्छेद आपल्याला ‘उगाच घाबरवणारा’ वाटला. हिशोब करून पाहू. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) सहसा १०० युनिट प्रति मिली. १००च्या सिरिंजचं टोपण केशरी. बाटलीतलं औषध केशरी सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत ओढलं तर हाती येतात ८ युनिट. उलट, पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत ओढलं तर ५०. हा घोळ होतो तो नेमका रात्री, दुकानदाराने ‘हीच चालेल’ म्हणून दिलेल्या सिरिंजमुळे. टोपणाचा रंग बघाच, पण सिरिंजवर आणि बाटलीवर छापलेला आकडा जुळवल्याशिवाय औषध ओढू नका.

आठवड्याच्या इन्सुलिनला, आयकोडेकला, युरोपात २०२४मध्ये मंजुरी मिळाली. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं आणि हळूहळू सुटतं. टोचण्या सातपट कमी होतात, हा फायदा मोठाच. पण एका टोचणीत सात दिवसांचा डोस असतो आणि एकदा आत गेला की परत घेता येत नाही. शिवाय ते ७०० युनिट प्रति मिली इतकं दाट असतं. त्या पेनमधून लाल सिरिंजने औषध ओढलं तर डोस होईल खुणेच्या साडेसतरा पट.