सीसी सारखी म्हणून गिअरबॉक्स तगत नाही

जुन्या हाय-बॉनेट (उंच बॉनेटच्या) जीपवाल्यांमध्ये एक सल्ला बरीच वर्षं फिरतोय. मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन काढा, स्कॉर्पिओचं एमहॉक डिझेल टाका, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये ॲडॅप्टर प्लेट लावा आणि तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आहे तसाच राहू द्या. सोबत कारणंही ठरलेली असतात : दोन्ही इंजिनं २.२ लिटरचीच, जुनं लोखंड दणकट, स्पीड वाढतो, आणि वर गाडी ओरिजिनलच राहते. कुणाच्या तरी काकांची जीप डिझेल टाकून वीस वर्षं पळाली, हा पुरावाही असतो. यातली काकांची गोष्ट खरी असू शकते. बाकीचं नाही.

आधी सीसी. हरिकेन २१९९, एमहॉक २१७९. कागदावर सख्खे भाऊ वाटतात. पण गिअरबॉक्सला सीसी कळत नाही, त्याला टॉर्क कळतो, म्हणजे इंजिन शाफ्टला किती जोराने पिळतं ते. हरिकेनचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे १५४ एनएम (न्यूटन-मीटर). टर्बो लावलेल्या एमहॉकचा २९०च्या घरात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. टी-९०चा पहिला गिअर हा टॉर्क २.८ पटीने वाढवतो. म्हणजे ज्या शाफ्टवर आजवर ४३० एनएम यायचे, तिथे आता ८१० येणार. चिखलात अडकल्यावर लो रेंज टाकली की ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) त्याला आणखी अडीच पट करते. हिशेब करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

जुनं लोखंड दणकट होतं, कबूल. पण ते साठ-सत्तर घोड्यांच्या इंजिनासाठी दणकट होतं. गंमत अशी की हायवेवर काहीच जाणवत नाही. टॉप गिअर डायरेक्ट असतो, टॉर्क गिअरबॉक्समधल्या खालच्या ले शाफ्टच्या दातांवर न जाता सरळ पुढे निघून जातो. म्हणून इंजिन बसवल्यावर मालक गावाबाहेर एक चक्कर मारून येतो आणि मक्खन आहे म्हणून सांगत सुटतो. मार बसतो तो पहिल्या-दुसऱ्यात : घाटात, ओढ्यात, ट्रॉली ओढताना. ट्रान्स्फर केसला तर टॉपमध्येही सुटका नाही. मागच्या एक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट तिथे मधोमध न निघता एका बाजूने निघतो, त्यामुळे कुठल्याही गिअरमध्ये सगळी ताकद तिच्या दातांमधूनच जाते.

आता काका. आपल्याकडे पुष्कळ जीपमध्ये २११२ सीसीचं, मूळ प्यूजोच्या रचनेचं डिझेल बसलं. त्याचा टॉर्क जेमतेम १२० एनएम, म्हणजे काढलेल्या पेट्रोल इंजिनापेक्षाही कमी! टी-९०ला त्यात उलट आरामच मिळाला. ‘डिझेल टाकलं तरी गिअरबॉक्सला काही होत नाही’ हा समज बहुधा इथूनच आला असावा. त्या इंजिनापुरता तो बरोबरही होता. तोच समज उचलून आज एमहॉकसारख्या कॉमन रेल डिझेलला लावतात, तिथे चुकतं.

ॲडॅप्टर प्लेटबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण टॉर्कचा हिशेब सोडून दिला तरी निम्म्या गाड्या इथे मरतात. गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या जीपचा गिअरबॉक्स उतरवताना मी टॉर्च धरून बसलो होतो. तक्रार एवढीच की दुसरा गिअर आपोआप उडतो आणि क्लच पूर्ण दाबला तरी पहिला टाकताना खरखरतो. ऑइल काढलं तर ट्रेमध्ये सोनेरी चुरा. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या टॉप शाफ्टचं टोक तापून निळं पडलेलं, आणि ते ज्या पायलट बुशमध्ये बसतं ते बुश एकाच बाजूने खाल्लेलं, अंड्यासारखं. फिटरने फ्लायव्हीलवर डायल गेज लावला, दांडा बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) भोकाच्या कडेला टेकवला आणि इंजिन हाताने एक फेरी फिरवलं. काटा ०.१२ मिलिमीटरच्या आत राहायला हवा. तो पार अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला. प्लेट लेथवर सुबक कापली होती, बोल्ट सगळे बसत होते. पण बोल्ट बसले म्हणजे सेंटर जुळलं असं होत नाही. बोल्टच्या भोकांना ढिलाई असते, जागा धरून ठेवायला डॉवेल पिना लागतात. त्या प्लेटला एकही नव्हती.

स्पीडचं थोडक्यात सांगतो. या जीपच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८, म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. टॉप गिअर डायरेक्ट. ६.००-१६च्या टायरवर ४००० आरपीएमला साधारण ९८ किलोमीटर होतात, आणि दोन्ही इंजिनांची सर्वाधिक ताकद त्याच ४०००च्या आसपास मिळते. मग वाढलं काय? पिकअप. सत्तरला इंजिन आधीही २८५०वर होतं, आताही तिथेच ओरडणार. स्कॉर्पिओमध्ये हेच इंजिन निवांत वाटतं, कारण तिथे पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन हळू फिरवणारा, आहे. ॲव्हरेज डिझेलमुळे वाढेल, पण जाहिरातीतल्या स्कॉर्पिओएवढं नाही. आणि समजा स्पीड वाढलाच, तर तो थांबवायला मूळचे नऊ इंची ड्रम ब्रेकच आहेत, हे कुणी बोलत नाही.

राहिलं ‘ओरिजिनल’. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. एमहॉक बसवून तिथे जाता येत नाही. साध्या नंबरवर चालवायची तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच : आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी इंजिन नंबरही पाहते.

डिझेल हवंच असेल तर इंजिन त्याच्या स्वतःच्या गिअरबॉक्ससकट आणा, ट्रान्स्फर केस आणि मागचा एक्सलही त्याला झेपेल असा घ्या, आणि आरटीओची परवानगी आधी काढा. खर्च तिप्पट होतो. माझ्या मित्राने तो हिशेब मांडून पाहिला. सध्या तो भंगार बाजारात टी-९०चा टॉप शाफ्ट शोधतोय. मिळाला तर गोठ्यात ताडपत्रीखाली पडलेलं हरिकेन परत बसवणार म्हणतो.